गोणीच्या तोंडचा गहू

“गोणीच्या तोंडचं पाहू नको, बाई. खालून मूठ काढ अन् एक दाणा दाताखाली धरून पाह्य,” सासू पार्वताबाई म्हणाल्या होत्या. मनकर्णाला हसू आलं होतं. बियाणं घरचंच, सासऱ्यांच्या वेळचा, बिनपाण्यावर येणारा काठा गहू. घरात ओल यायची म्हणून उन्हाळ्यातच बाळापूरला, सख्ख्या भावाकडच्या धान्याच्या कोरड्या पेवात ठेवायला दिलेलं.

“खुशालदादानं परत धाडलं, आत्याबाई. भावाचा दाणा बी चावून पाहू का आता?”

त्या साली साऱ्या वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. नवऱ्यानं वावराचा कोपरान् कोपरा कापसाखाली घातला. लेकराच्या वर्षभराच्या पोळीपुरता एक तुकडा मनकर्णानं भांडून गव्हासाठी राखला आणि दिवाळीनंतर स्वतः पेरला. हात तिफणीच्या चाड्यावर, डोळे बाभळीच्या झोळीकडे. लेकरू तापानं फणफणलेलं. मुठीतून काय चाललंय ते तिनं पाहिलंच नाही.

थंडीत एक सर आली नाही. पौषात जमीन भेगाळली. काठ्याला त्याचं फारसं वाटत नाही. तो खालची ओल शोधत जातो. पण धुऱ्याच्या बांधाकडच्या पहिल्या काही ओळींतच लोंब्या भरल्या, कुसळं ताठ उभी राहिली. पुढचा सगळा तुकडा वेळेआधीच पिवळा पडला. तिनं तिथली लोंबी चुरली. तळहातावर जिऱ्याएवढे चिमलेले दाणे. पाटाच्या पाण्यावर पोसणारा मऊ गहू होता तो. गोणीच्या तोंडाशी काठा, खाली हा.

दोन्ही लोंब्या पदरात बांधून ती बाळापूरला गेली. खुशालरावनं त्या हातात घेतल्यासुद्धा नाहीत. जो तो कापूस पेरतोय, अकोल्याच्या बाजारात काठा मिळेना, भाव चढला, म्हणून दिला विकून, असं तो पान जमवता जमवता सांगत राहिला.

“पाणी पडलं असतं तर तुले समजलं बी नसतं, मने,” तो म्हणाला आणि भाच्यासाठी गुळाचा खडा पुढे केला.

गूळ तिथंच ठेवून ती उठली. दारात आई बसली होती. तिनं मान वर केली नाही.

आईला ठाऊक होतं का? या प्रश्नापाशी मनकर्णा अजून जात नाही. त्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही, हे मात्र ठरलं. पण वाटेत एक गोष्ट मनात शिरली ती निघत नाही. आईचे दात केव्हाच पडलेत. ताटात येईल ते म्हातारी निमूट गिळते.

म्हणून बाळापूरकडे निघालेल्या प्रत्येकाला ती विनवते, तसं तुम्हालाही. किल्ल्याखालच्या त्या घरी घोटभर पाणी मागा. मनकर्णानं धाडलं असं सांगू नका. म्हातारी जेवते का, काय जेवते, तेवढं डोळ्यांनी पाहून या.