केसभर खाली

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, पण तुमच्या शाळेतल्यासारखा साधा नव्हे. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेने नवा घेतला आणि मला भंडाऱ्याच्या एका कॉलेजात धाडलं. निळा उजेड टाकला की रंगवलेली पेशी हिरवी चमकते, ती मी टिपतो. मग माझी मोटार मला केसाच्या शंभराव्या भागाइतकं खाली नेते, मी पुन्हा टिपतो. अशा पन्नास चकत्या संगणक एकावर एक रचतो आणि पेशी छत, भिंती, जमिनीसकट उभी राहते. सुरुवातीला बघणारे तोंडात बोटं घालायचे.

नव्याची नवलाई सरली. झाकण उंदरांनी कुरतडलं, पावसाळ्यात मोटार गंजून अडकली. दुरुस्तीचं पत्र साहेबांच्या टेबलावरच राहिलं.

दसऱ्याला प्रयोगशाळा झाडणाऱ्या चंद्रभागाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. "वर्षभर राबते बिचारा, त्याले कोन पुसते?" म्हणाल्या. खरं सांगतो, मला भरून आलं. शेजारी नमुने ठेवायच्या काचांचा डबा उघडाच होता.

आठवड्याने शहापूरचे ईश्वरकाका नव्या धानाचे दाणे घेऊन रीनाकडे आले. रीना कारध्याची, इथे धानाच्या रोगांवर संशोधन करते.

"पोरी, माह्या बापाचं बेणं होय हे. दुसऱ्या कोनापाशी नाही. दाण्यावर डाग दिसून राहिले. ठेवू का नोको, एवढं सांग."

रीनाने दाण्याची पातळ चकती कापून बुरशीलाच चिकटणारा रंग लावला आणि डब्यातल्या दोन काचांमध्ये ती ठेवली. मोटार अडकलेली, म्हणून एकच चित्र घेतलं. पेशींत हिरवे ठिपकेच ठिपके! ते कुठल्या थरात आहेत, हे मलाही कळत नव्हतं. पण यंत्राला तोंड कुठे असतं?

"काका, बुरशी आतवर गेली हाये. बेणं म्हणून नोका ठेवू."

काकांनी उरलेले दाणे खिशात टाकले आणि निघून गेले.

दिवाळीनंतर माझी मोटार दुरुस्त झाली. रीनाने जपून ठेवलेली तीच काच लावली, पन्नास थर टिपले. पेशी उभी राहिली. आत सगळं स्वच्छ होतं. ठिपके होते ते वरच्या काचेवर, बाहेरून. तिने ओल्या कापसाने काच पुसली. ठिपके गेले आणि कापूस पिवळा झाला.

चंद्रभागाबाई वाकून पाहत म्हणाल्या, "अवं, हे तर माही दसऱ्याची हळद होय!" हळदही निळ्या उजेडात हिरवी चमकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रीनाला ठाऊक होतं, पण तिला हळद आठवलीच नाही.

रीनाने फोन लावला. "काका, बेणं हाये ना?"

"कायचं बेणं? तुमसरच्या गिरणीत गेलं सारं. तूच म्हनलं होतं ना? तांदूळ बाकी गोड निघाला, पायलीभर तुले आनून देतो."

मित्रांनो, मला हळदकुंकू नको, एक धड झाकण द्या आणि वेळेवर तेलपाणी करा. अन् वरवर पाहून कशाचाही निकाल लावू नका, केसभर खाली उतरून पाहा.

काकांनी तांदूळ खरंच आणला. पिशवी माझ्याच शेजारी आहे, रीनाला तो शिजववत नाही. त्यातला एकही दाणा आता उगवणार नाही.