शंभरात आठ वेळा

बेसा भागातल्या एका लेआउटमध्ये, प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, पाण्याची बोर खोदल्यानंतर किडनीचे रोगी वाढले का, एवढाच प्रश्न होता. आरोग्य खात्यात आकडेमोड करणाऱ्या हेमराजने कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षावर्षाचे आकडे भरले, तर बोरच्या सुमारास रेघ वर वाकलेली दिसली. पण ती खरंच वाकली, की नुसतं दिसतंय? ते तपासायला सॉफ्टवेअर वर्षांचे चढउतार पत्त्यांसारखे हजारदा पिसायचं आणि एवढा बाक निव्वळ योगायोगाने कितीदा येतो ते मोजायचं.

त्या आकड्यांत एक रविंद्र होता, त्याच वस्तीत किडनीने गेलेला हेमराजचा थोरला भाऊ. दर पिसणीत तो वेगळ्याच वर्षी मरायचा. एकात लेकीच्या, ऋतुजाच्या, जन्माआधीच गेलेला. एकात अजून गेलेलाच नाही, आणि मग भरदुपारी ऑफिसात हेमराजला खुर्चीमागे त्याचं खाकरणं ऐकू यायचं. वळून बघायची छाती होत नसे. तरी तो पुन्हा बटण दाबायचा. मेलेल्या भावाची एवढी भेट कोण सोडेल?

उत्तर आलं, शंभरात आठ वेळा. पाचाच्या आत असतं तर बदल झाला असं छातीठोक म्हणता आलं असतं. आठ म्हणजे बदल झालाच नाही, असं मात्र मुळीच नाही. वस्ती लहान, रोगी मोजके, एवढ्यावर सांगता येत नाही, इतकंच. साहेबांनी अहवालात 'बदल नाही' लिहून टाकलं आणि हेमराज चूप बसला.

तिथल्या घरासाठी हट्ट धरला होता तो धनश्रीवहिनीने. रविंद्र गेल्यापासून तिच्याकडे प्यायला विकतच्या पाण्याचीच कॅन यायची. हेमराज भेटायला गेला, तर तिने दारातच विचारलं, "भाऊजी, पाण्यात काही नव्हतं नं?"

"काही सापडलं नाही, वहिनी."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिने काय अर्थ घेतला तो त्याला कळला, आणि त्याने तो घेऊ दिला. ती मनसोक्त रडली. म्हणाली, मी उगाच स्वतःले खाऊन राहिली होती. मग डोळे पुसून तिने लेकीला सांगितलं, आता कॅन पुरे. ऋतुजाने बोरच्या नळाखाली ग्लास भरला आणि ओठांना लावला, अगदी बापासारखे डोळे मिटून.

हेमराजने झडप घालून तो हिसकावला. पाणी फरशीभर सांडलं.

"तुम्ही तं म्हणाले, काही नव्हतं," धनश्री म्हणाली.

"सापडलं नाही म्हणालो."

तिने ऋतुजाला मागे ओढलं. "म्हणजे असू बी शकते."

हेमराजने होकारार्थी मान हलवली. आता ही शंका तिला जन्मभर पुरणार होती, आणि ती त्यानेच तिच्या पदरात घातली होती.