मंगलच्या गोष्टीतली नावं

“वाचा बाई, तुमच्या मुलीनं काय लिहून ठेवलंय!” मुख्याध्यापक जिनेंद्र सरांनी टाचलेली दोन पानं टेबलावर आपटली.

“आवं सर, मला कुठं वाचाया येतंय? तुमीच वाचा.”

बनाबाई जतजवळच्या या शाळेत पहिल्यांदाच आली होती. वीस वर्षं मेंढरांमागं चालून भेगाळलेल्या टाचा तिनं लुगड्याखाली लपवल्या. सकाळी निरोप आला होता, या आणि पोरीचा दाखला घेऊन जा. तो दाखला टेबलावरच होता, फक्त सही राहिली होती. नववीतली मंगल भिंतीला चिकटून उभी होती. भित्तिपत्रकासाठी तिनं एक गोष्ट दिली होती, एवढाच तिचा गुन्हा.

सरांनी लाल खुणा केलेल्या ओळी वाचल्या. “‘आधी त्यानं जिनेंद्र सरांचं नरडं धरलं. मग कस्तुरी बाईंना ओढत नेलं. जयराज सर पळाले, पण पाय मोडून पडले.’ ही गोष्ट आहे? ही धमकी आहे! जयराज सर दोन दिवस मागच्या दारानं येतायत!”

बनाबाईचा हात तोंडावर गेला. “हे समदं तू लिवलंस व्हय गं?”

“व्हय आई.”

“आन मी लोकर येचत फिरले, ते?”

“ते बी हाय. दुसऱ्या पानावर.”

“मग सर, थांबलासा का? पुढं वाचा की!”

दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं. सरांनी उलटलं.

“‘लांडगा गेल्यावर आईनं जाळीबाहेर सांडलेली लोकर वेचली. जिनेंद्र सर चार महिन्यांचे होते. कपाळावर पांढरा...’” सर अडखळले. “मेंढरं?”

“कोकरं जी. मंगल साळंत जाया लागली तवापास्नं नावं तीच ठिवती. जे चांगलं शिकवत्यात त्यांची. घरात समद्यास्नी ठावं, मग मेंढरू म्हून कशाला सांगायचं?”

दाराआडून गणिताचे जयराज सर डोकावले. “माझंही ठेवलं?”

“तुमचं जरा उशिरा पडलं सर,” मंगल म्हणाली. “अपूर्णांक समजल्यावर.”

जिनेंद्र सरांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. “मग असं कर, नावं बदल. उद्याच लावतो.”

मंगलनं दाखल्याकडं पाहिलं. मग सरळ सरांकडं. “कोकरं होती असं वर लिहिते सर. नावं नाही बदलणार.”

“मेलेल्यांची नावं कशी वो बदलायची?” बनाबाई हळूच म्हणाली. “वाचा की फुडं.”

सरांनी शेवटपर्यंत वाचलं. सात नावं. बनाबाई डोळे मिटून ऐकत राहिली. ती पहाट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. मेंढरांसाठी रडलं तर लोक हसतात. आणि आज तीच पहाट, दहिवरासकट, इतक्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून येत होती! आपल्या पोटच्या पोरीकडं बघायचीसुद्धा तिला भीड वाटली.

दाखला फाडून सर उठले. मंगलनं वर एक ओळ लिहिली आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पानं भिंतीवर लावली.

देवळाबाहेर काढाव्यात तशा बनाबाईनं चपला काढल्या. “आपलं जिनेंद्र सर कुठं हायती गं?”

मंगलनं तिचं बोट धरून शब्दावर टेकवलं. बनाबाई त्या शब्दावरून अंगठा फिरवत राहिली, हळू, कोकराच्या केसांच्या दिशेनं फिरवावा तसा.

मागं उभ्या असलेल्या सरांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडं गेला.