नऊ आटे

"फिरवा ना हो मिस्त्री," यंत्राच्या झोळीत बसलेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "का आज इथंच मुक्काम ठोकू?"

मिस्त्री दांड्याला जोर लावतच होते. दांडा जागचा हलेना. घाम डोळ्यांत उतरला, पण सिस्टर काही पलंगावरून बोटभर उचलल्या जाईनात. खरेदीवाल्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. झालं!

हे चौथं इस्पितळ. आधीच्या तिघांनी यंत्र दाराच्या आतसुद्धा घेतलं नव्हतं. बायकोचं अर्धं अंग लुळं पडलं, तिला उचलता उचलता पहिल्याच वर्षी मिस्त्रींची कंबर कामातून गेली, आणि तेव्हापासून या भल्या माणसानं हे खूळ डोक्यात घेतलं होतं: अंथरुणावरच्या माणसाला एकट्यादुकट्यानं उचलून खुर्चीत बसवणारं यंत्र. त्यापायी लेथवरची पक्की नोकरी सोडली. शेड घेऊन 'कारखाना' अशी पाटी लावली, तेव्हा मेहुणा पोट धरून हसला होता. कारखाना कसला, एक जुना लेथ आणि स्वतः मिस्त्री! आज इथं होकार मिळाला तर चाळीस यंत्रांचं काम होतं. नाहीतर शनिवारी शेडची किल्ली मालकाच्या हातात द्यायची.

"घरी चालतं हो!" मिस्त्री काकुळतीला आले. "हेच यंत्र. रोज दोनदा. एका बोटानं दांडा फिरतो, शप्पथ सांगतो."

"घरी कुणाला उचलता?"

"बायकोला. तुमच्याएवढंच वजन, अठ्ठावन्न किलो. म्हणून तर तुम्हालाच बसा म्हटलं."

"अठ्ठावन्न कधी होतं?"

"तिला इस्पितळातून घरी आणली तेव्हा. सात वर्षं झाली..."

बोलता बोलता मिस्त्री थांबले.

यंत्राची सगळी मदार एका स्प्रिंगवर होती. माणसाचा भार ती तोलून धरायची, मग दांड्याला जोर लागत नसे. ती आवळायला एक जाड बोल्ट होता. एक आटा आवळला की दोन किलो जास्त पेलणार, सैल केला की दोन किलो कमी. मध्येच कधीतरी यंत्र बायकोला झटक्यानं वर उचलायला लागे. मग मिस्त्री एक आटा सैल करत आणि बोल्टशेजारी कानशीनं बारीक खूण करत. ग्रीस भरलं, नवी बेअरिंग टाकली, म्हणून यंत्र हलकं चालायला लागलंय, अशी त्यांची पक्की समजूत. दर खुणेला ते हरखून सांगत, "बघ, आणखी सुधारलं!"

मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि खुणांवरून अंगठा फिरवत गेले. नऊ होत्या. ग्रीसनं दांडा हलका होईल, माणूस कसा होईल? तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला एवढं कळू नये?

"अहो, बसलात काय? पाना घ्या आणि आवळा!" सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी नऊ आटे आवळले. दांडा लोण्यासारखा फिरला आणि सिस्टर अलगद वर गेल्या. साहेब चक्क हसले. "वा! पाठवा चाळीस," म्हणाले आणि पुढच्या कामाला निघूनही गेले.

"मिस्त्री, अहो झालं की तुमचं काम! रडताय काय?"

"सिस्टर," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, "बायको चाळीस किलोवर आलीय. अठरा किलो गेले. रोज मीच उचलतोय, आणि मलाच कळलं नाही."

सिस्टर झोळीतून उतरल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी तिला घेऊन या. मी स्वतः थांबते."

घरी आले तेव्हा बायको दाराकडेच डोळे लावून होती. "जमलं?"

"जमलं. चाळीस पाहिजेत त्यांना."

"बघा! मी म्हणत नव्हते?" ती अर्ध्या तोंडानं हसली. मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले. तिचं मनगट हातात धरलं.

"तुला कळत होतं?"

तिनं नजर वळवली. "अंगठी बोटात राहीना, तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही किती खूश व्हायचात! आणखी सुधारलं, आणखी सुधारलं म्हणून नाचायचात नुसते. म्हटलं, एवढं एक तरी यांच्या मनासारखं होऊ दे."

तिला खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. मिस्त्रींनी परत आणलेलं यंत्र पलंगाशी ओढलं, आटे सैल करायला पाना हातात घेतला, आणि तसाच खाली ठेवला. वाकून त्यांनी दोन्ही हात तिच्या अंगाखाली घातले.

"अहो, काय करताय! तुमची कंबर!" ती ओरडली.

मिस्त्रींनी तिला उचललं. कंबरेनं हूं की चूं केलं नाही.