बिटुइन ऑरेंजची हसरी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी, पत्र्याची जाहिरातीची पाटी आहे. सध्या मी सिंगापुरात, एका प्रदर्शनाच्या थंडगार दालनात टांगलेली असते. माझा जन्म मात्र फिलिपिन्समधला. तिथे मनिलाजवळ ‘बिटुइन ऑरेंज’ नावाचं शीतपेय बनत असे. बिटुइन म्हणजे तारा.

आधीच्या पाट्यांवर गोऱ्या परदेशी मडमा असत. बिटुइनच्या मालकांना वाटलं, गल्लीतल्या माणसाला गल्लीतलाच चेहरा दाखवावा. कारखान्यात बाटल्यांना बुचं बसवणारी लिगाया नावाची मुलगी होती. ती हसली की यंत्रांच्या खडखडाटातही शेजारणी वळून बघत. पेंटरने तिला स्टुलावर बसवलं, हाती बाटली दिली आणि तिचं हसू माझ्यावर उतरवलं. खाली लिहिलं, ‘रोज प्या, असंच हसा!’ मोबदला म्हणून तिच्या घरी बिटुइनचे क्रेट जाऊ लागले. फुकटचं कोण नाकारणार? तिच्या घरी भाताबरोबर बिटुइन, तहान लागली की बिटुइन.

मला तिच्याच गल्लीतल्या दुकानावर ठोकलं. तेव्हा कंपन्या दुकानदारांना पाट्या फुकट रंगवून देत. दुकानाचं नाव कोपऱ्यात बारीक, पेयाचं नाव भलं मोठं! मुलं माझ्याकडे बोट दाखवून बाटली मागत. लिगाया रस्त्याने निघाली की लोक तिला बिटुइन म्हणूनच हाक मारत. मला वाटे, आपण लोकांना सुख वाटतो आहोत.

पुढे रेडिओवर शीतपेयांची गाणी आली, मग टीव्हीवर सिनेनट्या आल्या. बिटुइन बंद पडलं आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर झाले. समोरच लिगायाचं घर होतं. तिचे दात एकामागून एक गेले, ते मी पाहिलं. साखरेच्या आजाराने तिचा एक पाय घोट्यापासून कापावा लागला, तेही पाहिलं. दोष एकट्या बिटुइनचा नसेल. पण माझ्यावर मात्र ती हसतच होती, सगळे दात दाखवत.

एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने मला उचललं आणि सिंगापूरला आणून विकलं. विकत घेणारी मधुवंती पुण्याची. फिलिपिन्समधल्या शीतपेयांच्या जाहिरातींचा इतिहास हा तिच्या संशोधनाचा विषय. सिंगापुरातल्या बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने कापसाच्या बोळ्याने माझा गंज पुसला. तिथल्या भिंतीवर राहून मी मराठी शिकले.

“आई, who is she ah?” तिची मुलगी इशिता एकदा म्हणाली.

“असेल गं कोणीतरी मॉडेल,” मधुवंती म्हणाली.

मग तिने माझा फोटो इंटरनेटवर टाकला आणि सिंगापुरात घरकाम करणाऱ्या मारिसेलचा निरोप आला, ‘ही माझी आई आहे.’ मधुवंतीला आभाळ ठेंगणं झालं. प्रदर्शनात पाटीखाली आईचं नाव लावीन, असा तिने शब्द दिला. मारिसेलने आईला गावाहून आणवलं.

उद्घाटनाला लिगाया गुलाबी फ्रॉक घालून व्हीलचेअरवर आली. मला बघताच हसली. तोंडात एकही दात नव्हता. ‘हिच्याशेजारी माझा फोटो काढा,’ असं तिने खुणेनं सांगितलं.

प्रदर्शनाची व्यवस्था शिरीष बघत होता. त्याने मधुवंतीला माझ्याजवळ ओढलं.

“खर्च शीतपेयाच्या कंपनीने केलाय, आणि तू हे बोळकं तोंड आणि तुटका पाय पाटीखाली आणून बसवतेस?”

“अरे, पण हीच ती मुलगी! नाव लावलंय मी कार्डावर.”

“नाव काढ. फोटोही नको. बघवत नाही ते तोंड. मागे बसव तिला, केक दे.”

“डायबेटिस आहे तिला.”

“मग काहीच देऊ नकोस.”

मधुवंतीचं पुढचं संशोधन याच कंपनीच्या हाती होतं. तिने लिगायाकडे पाहिलं, खाली मान घातली आणि कार्ड उलटं करून त्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘अज्ञात मॉडेल’.

दोघं निर्धास्तपणे मराठीत बोलत होती. मारिसेल कुणाकडे काम करते, हे मधुवंतीने कधी विचारलंच नव्हतं. ती वर्षानुवर्षं एका मराठी घरात होती. शब्दन् शब्द तिला कळला.

“काय म्हणतात गं?” लिगायाने आमच्या तिकडच्या भाषेत विचारलं.

मारिसेलने व्हीलचेअरची मूठ घट्ट धरली. “म्हणतात, तू अजून चित्रातल्यासारखीच दिसतेस.”

लिगाया लाजून लाल झाली. तेवढ्यात भाड्याने आणलेली एक तरुण मुलगी बाटली घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. कॅमेरे लखलखले. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या लिगायाने!

निघताना मधुवंती इंग्रजीत आभार मानू लागली. मारिसेलने मान लववली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “येतो आम्ही, ताई. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्ही काळजी करू नका.”

मधुवंतीने वळून कार्डाकडे पाहिलं. पण मित्रांनो, कार्ड तिने बदललं नाही. ते अजून तसंच आहे.

रोज सकाळी हातमोजे घातलेला माणूस येऊन माझी धूळ टिपतो. कुणाचा हात लागू नये म्हणून समोर दोरी बांधली आहे. तुम्ही हसऱ्या चित्रासमोर उभे राहाल, तेव्हा ही कोण होती आणि आता कशी आहे, एवढं तरी विचारा. माझं काय, मला जपणारे पुष्कळ आहेत.