मुखरू प्रॉम्प्टर आणि दिवसाढवळ्याचं नाटक

नाटक दिवसा करतात, हे चिंचटोल्यात कोणी बापजन्मात ऐकलं नव्हतं. वडशाच्या आसपासची ही गावं. इथे नाटक संपतं तेव्हा कोंबडे आरवतात. पण परदेशी पाहुण्यांची गाडी रविवारी संध्याकाळी सहाची, म्हणून नाटक दुपारी तीनला. दिवसा तर दिवसा, नाटक आहे ना? गावानं लेकी-जावयांना, व्याह्यांना निरोप धाडले आणि शुक्रवारपासूनच घराघरात सोयऱ्यांच्या चपला दिसायला लागल्या.

ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, ती न्यूझीलंडच्या एका चर्चची पाच माणसं. मिशनच्या हॉलात तीन आठवडे पोरांना इंग्रजी शिकवायला आली होती. त्यांची म्होरकी ब्रिजेट. दारातून वाकून आत येणारी, उन्हानं लालबुंद झालेली, आणि एकदा हसायला लागली की आवरता न येणारी. गावानं पहिल्याच दिवशी तिच्या नावाला बाई जोडलं. जाण्याआधी पोरांचं दहा मिनिटांचं इंग्रजी नाटक करायचं तिनं ठरवलं. गोष्ट साधी. वाघ चुकून गावात येतो आणि भेटेल त्याला जंगलाचा रस्ता विचारतो. वाघ झाला प्रणित, शेळी झाली करिष्मा.

हे मुखरूच्या कानावर गेलं आणि म्हाताऱ्याचं जेवणात लक्ष लागेना.

मुखरू प्रॉम्प्टर होता. झाडीपट्टीतल्या नाटकात नट घोकंपट्टी करत बसत नाही. रंगमंचासमोर खड्डा असतो, खड्ड्यात प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, तो वाक्य सांगतो आणि नट ते गाजवतो. मुखरूनं अडतीस वर्षं किती राजे रडवले आणि किती खलनायक हसवले, त्याचा हिशेब नाही. मग दोन हंगामांपूर्वी त्याच्या आवाजात खरखर आली आणि कंपनीनं एक तरणा माणूस घेतला. त्याचं दुःख होतंच, पण एक दुःख त्याहून जुनं होतं. नाटकाआधी माईकवर सगळ्यांची नावं घेत. हिरोचं, नाचणारीचं, पेटीवाल्याचं, लाइटवाल्याचं, एकदा तर चहावाल्याचंसुद्धा. मुखरूचं तेवढं राहून जायचं, कारण तोवर तो खड्ड्यात उतरलेला असे आणि खड्ड्यातला माणूस कोणाला दिसतो? एकदा माईकवरून आपलं नाव ऐकलं की मरायला मोकळा, असं तो बायकोला, गुणाबाईला म्हणायचा. ती म्हणायची, मरा खुशाल, पण आधी दळण आणा.

तर गुरुवारी मुखरू नवी वही घेऊन मिशनच्या हॉलात हजर. इंग्रजी त्याला ओ का ठो येत नव्हतं. पण पुतणी रंजीता त्या बाईंची दुभाषी होती. तिच्याकडून त्यानं नाटकाचे कागद वाचून घेतले होते आणि एकूण एक शब्द देवनागरीत उतरवला होता. पोरांसमोर मांडी ठोकून त्यानं सुरुवात केली. पोरांना काय, आयतंच फावलं. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकांत आईच्या मांडीवर लोळून वाढलेली ही पोरं, प्रॉम्प्टर सांगतो आणि नट बोलतो हे त्यांच्या रक्तातच होतं.

ब्रिजेटबाईंनी दोन मिनिटं पाहिलं, मग हात वर केला. मुलांनी आपल्या डोक्यातून बोलायचं, तीन आठवडे त्याचसाठी तर घालवले, मागून सांगणं म्हणजे परीक्षेत कॉपी पुरवणं, असं त्या मिस्टर मुखरूंना हसतहसत म्हणाल्या. रंजीतानं त्याचं भाषांतर केलं, की मोठेबाबा, बाई म्हणते तुमी दमले असान, घरी जाऊन आराम करा. अडतीस वर्षं लोकांची वाक्यं सांगणाऱ्याला खरं वाक्य कोणतं हे कळत नाही होय? मुखरूनं वही मिटली आणि गेला. घरी जाऊन सांगितलं, नाटकाले मी येत नाई. गुणाबाई म्हणाली, नका येऊ. आणि रविवारी इस्त्रीचा सदरा खाटेवर काढून ठेवला.

गेलाच तो. मात्र शेवटच्या रांगेत, मोहाच्या झाडाखाली, तोंड फिरवून बसला.

आता गावाचा शहाणपणा बघा. ब्रिजेटबाईंनी साधा चौथरा मागितला होता. गावानं दोन दिवस खपून पडदा लावला, झालरी लावल्या, आणि समोर चांगला कमरेएवढा खड्डा खणला. खड्डा नको हे गावाला कोणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी खणलाच असता. नाटक म्हटलं की खड्डा आलाच.

पडदा उघडला. वाघ डरकाळी फोडून बाहेर आला, अंगावर पिवळी साडी, मागे सुंभाची शेपटी. टाळ्या पडल्या. वाघानं खड्ड्यात पाहिलं. खड्डा रिकामा. वाघ थांबला. शेळी आली, तिनंही खड्ड्यात पाहिलं आणि तीही थांबली. शुक्रवार-शनिवारी हॉलमध्ये हीच पोरं पोपटासारखी बोलली होती. पण तो हॉल होता आणि हा रंगमंच. रंगमंचावर खड्ड्यातून आवाज आल्याशिवाय कोण बोलतं? पडद्याआडून ब्रिजेटबाई कुजबुजून कुजबुजून जांभळ्या झाल्या, पण त्या बाजूला बघायची पोरांना सवयच नाही. मग एकेक मुंडकं मागे वळायला लागलं, आणि बघता बघता तीनशे माणसं मोहाच्या झाडाकडे बघत बसली.

गुणाबाईनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. "काऊन बसले? पोरं मरून राह्यले तिथी!"

त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा धोतराचा सोगा धरून जो सुटला, तो रांगांमधून, सोयऱ्यांच्या मांड्यांवरून, थेट खड्ड्यात. वही घरी राहिली होती. पण तीन रात्री रागानं झोप नव्हती आणि त्या रागात अख्खं नाटक पाठ झालं होतं.

"एक्सक्यूज मी, व्हेअर इज द जंगल?" खड्डा खरखरला.

"एक्सक्यूज मी, व्हेअर इज द जंगल?" वाघ गरजला, आणि गाडी सुटली.

फक्त झालं काय, की वाक्य कोणतं आणि कंसातली सूचना कोणती, हे मुखरूला कुठून कळावं? त्यानं सगळंच सांगितलं. "टायगर लुक्स सॅड," असं वाघानं छाती पुढे काढून ठणकावलं. "गोट एक्झिट्स लेफ्ट," असं शेळीनं हंबरडा फोडून सांगितलं आणि उजवीकडून निघून गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ब्रिजेटबाई पडदा धरून खाली बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी, पोटावर हात. दहा मिनिटांचं नाटक पाऊण तास चाललं, कारण वाघाला तीन वेळा वन्समोअर मिळाला.

मग ब्रिजेटबाई निरोपाचं भाषण करायला माईकपाशी आल्या. मराठीत करायचं ठरवलेलं. कागद मुद्दाम घेतला नव्हता. पोरांना जे सांगितलं ते आपण करून दाखवायचं. "नमस्कार," त्या म्हणाल्या. "मी…" आणि पुढचं सगळं पळून गेलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, रंजीताकडे पाहिलं, आणि शेवटी सगळे बघतात तिथेच पाहिलं. मुखरू अजून खड्ड्यातच होता.

"मी तीन हप्ते इथी राह्यली," मुखरू हळूच म्हणाला.

"मी तीन हप्ते इथी राह्यली," ब्रिजेटबाई म्हणाल्या.

तुमच्या पोरायनं मले लय जीव लावला. मी आज जाऊन राह्यली, पन मन इथीच ठिवून राह्यली. बाई म्हणत गेल्या आणि बायका पदर डोळ्यांना लावत गेल्या. मुखरूला चढली. ही बाई आपण देऊ ते वाक्य बोलते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं गंमत म्हणून एक सोडून पाहिलं, आणि ब्रिजेटबाईंनी पहिल्या रांगेतल्या सरपंचांना अत्यंत प्रेमानं विचारलं, की गावचा रस्ता कवा होनार? लोक लोळायचेच बाकी राहिले. सरपंचांनी टोपी काढून पुसली.

हसू ओसरलं, तेव्हा मुखरू खड्ड्याच्या काठावर दोन्ही हात टेकून उभा होता. माईक समोर, बाई समोर, वाक्य त्याच्या जिभेवर.

"या गावात एक प्रॉम्प्टर आहे," तो म्हणाला.

"या गावात एक प्रॉम्प्टर आहे."

"त्याचं नाव…"

"त्याचं नाव," ब्रिजेटबाई म्हणाल्या आणि वाट बघत राहिल्या.

अडतीस वर्षांत प्रॉम्प्टर अडकला नव्हता, तो आज स्वतःच्या नावाला अडकला. डोळे भरून आले, ओठ हलले, पण नाव काही फुटेना. खड्ड्यात काय चाललंय हे वाघाला दिसलं, शेळीला दिसलं, आणि मग पहिल्या रांगेपासून मोहाच्या झाडापर्यंत सगळ्या गावानं, सोयऱ्यांसकट, एका दमात प्रॉम्प्ट केलं:

"मुखरू!"

"मुखरू," ब्रिजेटबाई माईकमध्ये म्हणाल्या. भोंग्यातून ते नाव धानाच्या बांध्यांवरून पार नदीपर्यंत गेलं. त्यांनी खाली खड्ड्यात पाहिलं, आणि मग कोणी न सांगता, आपल्या डोक्यातून, पुढचा शब्द जोडला.

"भाऊ."