करवंदांच्या बरणीचं गाऱ्हाणं

मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे, आणि सध्या माझ्या पोटात धुण्याचा सोडा आहे. मित्रांनो, चिडू नको तर काय करू?

भट्टीतून निघाले ती मालवणच्या बाजारात आले. तिथून सुंदराबाईंनी मला घरी नेलं. दर वैशाखात त्या रानातून कच्ची करवंदं आणायच्या, चीक जाईपर्यंत धुवायच्या आणि माझ्यात खारवायच्या. जांभळाच्या बियासुद्धा त्या फेकत नसत. वाळवून, कुटून औषधाला ठेवत. मुलगा भिवा परळच्या गिरणीत लागला, तेव्हा मला करवंदांनी भरून, गोधडीत गुंडाळून त्या बोटीने लालबागच्या चाळीत आल्या.

सून कौसल्या मुंबईतच वाढलेली. झाकण उघडून तिने नाक मुरडलं. "आई, हे गुराख्यांचं खाणं. इथे कोण खाणार?"

झालं. मी वरच्या फळीवर, पालींच्या सोबतीला.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी सारं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. ना भाजी, ना दूध. भिवा मोर्च्याला गेला, तो परतलाच नाही. कौसल्येला पाचवा महिना, आणि काळजीने पेजेचा घोट घशाखाली उतरेना. सुंदराबाईंनी मला खाली काढलं.

"खा गो बाय. रानातला असला म्हणान काय झाला? रगत करता ता."

"ते आल्याशिवाय मला काही नको."

"तो येतलो. तेव्हा तुका उभ्या रवाक नको?"

कौसल्येने एक करवंद चोखलं. मग दुसरं. पेजेची वाटी रिकामी झाली. शेजारची शेवंती पोरांसाठी चार मागायला आली, तिच्यामागे सगळा मजला आला, आणि मी तळापर्यंत रिकामी झाले. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

कर्फ्यू उठल्यावर भिवा आला, दंडाला पट्टी बांधून. उन्हाळ्यात अंबिका जन्मली.

पुढे सुंदराबाई वारल्या. करवंदं खारवायला त्यांच्याकडून कुणी शिकलं नव्हतं, म्हणून कौसल्येने माझ्यात सोडा भरला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. मेचा पहिलाच दिवस. खाली करवंदवाली ओरडत होती. वर कौसल्या अशक्त अंबिकेला टॉनिक पाजत होती.

"आई, ती काय विकते गं?"

"काही नाही. तोंड उघड."

पोटात असताना जिला करवंदांनी तगवलं, तिला आई सांगते, काही नाही.

मित्रांनो, करवंदात लोह असतं हे तुम्ही पुस्तकात वाचाल. नुसतं वाचून ते अंगात जात नाही. करवंदवाली दारावरून गेली तर तिला हाक मारा. तिचा हंगाम जेमतेम महिनाभराचा, आणि ती कुणासाठी थांबत नाही.